सगळा खर्च रंगावर

एकाच आमिषाचे वीस-पंचवीस रंग दुकानाच्या भिंतीवर टांगलेले असतात, आणि मी हातात घेतलेल्या एकाही पाकिटावर त्याला दोरा कुठला लावायचा ते लिहिलेलं नसतं. माझी तक्रार इथून सुरू होते. लहान आहे, पण खरी आहे, आणि दर उन्हाळ्यात नव्याने वर येते.

डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क आहे. सेबाइन नदीच्या एका उपनदीवर धरण घालून केलेला, सुमारे २७ हजार एकरांचा जलाशय. पाणी भरताना बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. त्यांची वठलेली खोडं अजून पाण्यातून वर डोकावतात आणि त्यांच्या बुंध्याशी लार्जमाउथ बास हा मासा दबा धरून बसतो. टेक्ससचा राज्यविक्रम याच पाण्यातला : जानेवारी १९९२, १८.१८ पौंड, म्हणजे जवळपास सव्वाआठ किलो. कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावतो, दोरा खाली सोडतो आणि वाट बघतो. टॉपवॉटरमध्ये, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर आमिष खेळवण्यात, खाली सोडायचं काहीच नसतं. आमिष लाकडाचं नाहीतर प्लॅस्टिकचं, तरंगणारं. त्यात जीव आहे असं माशाला वाटायला लावायचं ते मनगटाने. पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर गेलं की भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला याची वेळ येते. बास खालून येऊन आदळतो तेव्हा पाणी फुटल्याचा आवाज शेजारच्या होडीपर्यंत जातो. मासेमारीत याहून मोठा आनंद मला माहीत नाही, म्हणूनच पाकिटावरची ही हेळसांड मनाला लागते.

आधी रंगांचं सांगतो. आमिष वर, मासा खाली. त्याला दिसतं ते पोट आणि उजळत्या आकाशापुढची काळपट आकृती. पाठीवर एकेक खवला रंगवलेला असतो, कल्ल्यामागे लाल फराटा असतो, ते सगळं त्याच्या नजरेच्या पलीकडे राहतं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी या माशाची रंगदृष्टी तपासली आहे. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्यासाठी आणि एक लालसाठी. लाल आणि हिरवा तो चांगला ओळखतो. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत मात्र तो चुकतो, गडद निळ्या आणि काळ्यातही चुकतो. भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेले हे रंग निवडताना गिऱ्हाईक पाऊण तास घालवतं आणि दुकानदारही त्यातच मदत करतो. माझ्या मते तीन पुरेत : हाडासारखा पांढरट, ढगाळ हवेला आणि रात्रीला काळा, नितळ पाण्यात ऊन असेल तर पारदर्शक. बाकीचे गिऱ्हाइकासाठी काढलेले आहेत आणि त्यांचे पैसे गिऱ्हाईकच भरतं.

या आमिषांची सुरुवात रंगातून झालेली नाही, हे तरी बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं होतं. मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावचा जेम्स हेडन मधमाश्या पाळायचा. गिरणीच्या तळ्याकाठी बसून त्याने लाकडाचा एक तुकडा तासला, पाण्यात फेकला, आणि बासने त्यावर झडप घातली, अशी गोष्ट सांगतात. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या कंपनीने १९३९ मध्ये प्लॅस्टिकचा झारा स्पूक आणला. चिरुटासारखी नुसती लांबट कांडी, पुढे पट्टी नाही, मागे पातं नाही. दोऱ्याला ढील देत छोटे झटके दिले की ती डावी-उजवीकडे तोंड फिरवत नागमोडी चालते. ॲक्रनच्या फ्रेड अर्बोगास्टने जिटरबगच्या तोंडाला धातूची रुंद पट्टी लावली. अंधारात ते सावकाश ओढलं की एका लयीत बुडबुडत येतं आणि मासा आवाजावर येतो. पॉप-आर या खोलगट तोंडाच्या आमिषाची गोष्ट तर सगळ्यांत बोलकी आहे. झेल रोलंड हा नामांकित स्पर्धक ते साधं आमिष घ्यायचा आणि पॉलिश पेपरने घासून त्याची भिंत पातळ करायचा. मागच्या गळाला पिसं बांधायचा. हलकं झालेलं आमिष पाण्यावर उंच बसायचं आणि वेगळंच पाणी उडवायचं. घासताना कारखान्याचा रंगही जायचा, त्याने त्याचं काही अडलं नाही. ही माहिती मासेमारी करणाऱ्या प्रत्येकाला आहे. तरी दुकानाची भिंत अजून रंगांचीच आहे.

आता गळ. आमिषाखाली दोन किंवा तीन ट्रेबल लोंबतात, तीन टोकांचे. पाकीट फोडल्यावर पहिलं काम एकच : टोक नखावर हलकेच ओढून बघायचं. धार असेल तर ते नखात रुततं, बोथट असेल तर घसरतं. वीस डॉलर मोजून आणलेल्या आमिषाचा गळ नखावरून घसरतो तेव्हा मला राग येतो आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. बासचा जबडा कडक असतो. तो पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो, आणि त्या क्षणी आमिषाच्या काचेसारख्या डोळ्यांचा कोणालाच उपयोग नसतो. मग गळ बदलायचा. पण तोही कुठलाही चालत नाही. एक नंबर मोठा घेतला तर पुढचा आणि मागचा गळ एकमेकांत अडकतात. जड तारेचा घेतला तर शेपूट खाली जाते, आमिष पाण्यात तिरकं बसतं आणि चालेनासं होतं. कंपनीने मुळात कुठल्या मापाचा आणि किती वजनाचा गळ धरून हा तोल साधला, एवढं पाकिटावर छापायला किती शाई लागते?

गळ बदलायचा म्हणजे कडी उघडायची. ही स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्या अडकवायची कडी असते तसलीच, फक्त मसुराच्या दाण्याएवढी. तिचे दोन वेढे अलग करायला चोचीची वेगळी पक्कड मिळते. ती घरी विसरली असेल तर होडीत बसून नखाने काम करायचं, आणि नख आधी तुटतं. नव्या गळाचा डोळा अर्ध्या वेढ्यावर आला की कडी निसटते. ती होडीच्या तळाशी ज्या फटीत जाते तिथून परत येत नाही. आमिषाच्या नाकाला कडी असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. तारेची दोन टोकं जिथे संपतात तिथे बारीक खाच राहते. विणलेला दोरा इतका पातळ असतो की तो त्या खाचेत शिरतो, घासला जातो आणि जोरात फेकताना तुटतो. आमिष मग एकटंच दूर जाऊन पडतं. कडी फिरवून खाच गाठीपासून लांब ठेवली की हे टळतं. हे मला एका म्हाताऱ्या होडीवाल्याने सांगितलं, कुठल्याही पाकिटाने नाही.

दोऱ्याबद्दलची बेपर्वाई मला सगळ्यांत जास्त खुपते. बाजारात तीन जाती आहेत. नायलॉनचं तंगूस, फ्लुरोकार्बन, आणि पॉलिथिलीनच्या तंतूंचा विणलेला ब्रेड. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉन साधारण १.१४, फ्लुरोकार्बन १.७८ आणि ब्रेड ०.९७. या तीन आकड्यांत टॉपवॉटरचं निम्मं शास्त्र आलं. फ्लुरोकार्बन बुडतं आणि आमिषाचं नाक खाली ओढतं. तरंगणाऱ्या आमिषाला ते बांधणं म्हणजे त्याचं काम त्याच्याकडून काढून घेणं. तरी दुकानात सगळ्यात वर, सगळ्यात महाग, "पाण्यात अदृश्य" म्हणून तेच मांडलेलं असतं आणि टॉपवॉटर घेणाऱ्या नवख्याच्या हातातही तेच दिलं जातं. आमिष पाण्याच्या वर, दोराही बराचसा हवेत, मग अदृश्य कोणासाठी? ब्रेड तरंगतो, ताणला जात नाही, लांबवरच्या माशालाही गळ टोचवतो. पण तो इतका लुळा असतो की झटक्याच्या मधल्या ढिलाईत पुढच्या गळाभोवती गुंडाळला जातो. म्हणून ब्रेडच्या टोकाला दीड-दोन फूट जाड तंगूस जोडायचं. ते ताठ राहतं, गळापासून दूर राहतं, आणि बुडलं तरी इतकं सावकाश की मधल्या झटक्यांत त्याला बुडायला वेळच मिळत नाही.

मग गाठ. झारा स्पूकसारख्या चालणाऱ्या आमिषाच्या नाकाला कडी नसेल तर घट्ट निरगाठ मारू नये. ती डोळ्यात एका बाजूला सरकते आणि आमिष त्याच बाजूला तोंड करून हट्टाने येतं. तिथे न आवळणारा फासा हवा, म्हणजे नाक मोकळं झुलतं. कडी असेल तर पालोमार किंवा क्लिंच चालते. सरळ ओढायच्या आमिषाला, म्हणजे मागे फिरती शेपूट असलेल्या व्हॉपर प्लॉपरला किंवा बझबेटला, फाशाची गरज नाही. काही जण सोय म्हणून फिरकीची क्लिप लावतात. तिचं पितळ नाकावर बसतं आणि सगळा तोल बिघडतो. आवळण्यापूर्वी तंगूस ओलं करायचं, नाहीतर घर्षणाने ते तापतं आणि गाठीतच कमकुवत होतं. एवढी माहिती पोस्टकार्डाच्या पाठीवर मावते. पाकिटाची पाठ त्याहून मोठी असते आणि तिच्यावर बारकोड, सावधगिरीची सूचना आणि त्याच आमिषाच्या इतर रंगांची चित्रं असतात.

पोकळ रबरी बेडकाचं थोडक्यात. शेवाळावरून आणि कमळाच्या पानांवरून ओढायला यासारखं दुसरं काही नाही, ५० ते ६५ पौंडांचा ब्रेड आणि कडक काठी असली की झालं. पण रबरी पाय बहुधा गरजेपेक्षा लांब येतात. कात्रीने कमी केल्याशिवाय तो डावा-उजवा वळत नाही. पोटात पाणी शिरतं, ते दर काही फेकींनंतर पिळून काढावं लागतं. आणि दोन्ही गळांची टोकं पाठीला इतकी चिकटून असतात की ती पक्कडीने केसभर वर उचलावी लागतात. म्हणजे विकत घेतलेल्या बेडकावर कात्री आणि पक्कड चालवली की मगच तो बेडूक होतो.

पेटीबद्दल फार बोलत नाही. सहा आमिषं एका कप्प्यात ठेवली तर एक उचलताना सहाही उठतात. गळांना प्लॅस्टिकची टोपणं मिळतात, ती वेगळी विकत घ्यावी लागतात.

शेवटचं मात्र माझ्यासाठी सर्वांत गंभीर आहे. लेक फोर्कवर नियम आहे : १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास पाण्यात परत सोडायचा. या पाण्याचं नाव टिकून आहे ते या नियमामुळे आणि मी तो मनापासून मानतो. पण तीन ट्रेबलच्या आमिषाला नऊ टोकं असतात आणि प्रत्येक टोकामागे उलटा काटा. एक टोक ओठात, एक कल्ल्याजवळ, एक डोळ्याखाली, आणि तडफडणाऱ्या माशाचा एक गळ काढताना दुसरा आपल्या अंगठ्यात. परत सोडायचा मासा इतका वेळ पाण्याबाहेर धरणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला की गळ एका वळणात निघतो, मासा लगेच पाण्यात जातो, आणि दोरा ताणलेला ठेवला तर तो आधी निसटतही नाही. मी प्रत्येक नव्या आमिषाचे सगळेच्या सगळे काटे घरीच टेबलावर दाबून टाकतो. बिनकाट्याचे ट्रेबल बाजारात सुटे मिळतात. ते आमिषाला बसवूनच का येत नाहीत, हे मी अनेक काउंटरांवर विचारलं आहे, आणि प्रत्येक ठिकाणी मला नवा रंग दाखवण्यात आला आहे.