देव प्रकट व्हायच्या आत

आपल्या पुराणांत प्राण्याचा जन्म मिळणं सुखाचं नाही. उंदीर झालात तर पाठीवर गणपती घ्या, बैल झालात तर शंकर, गरुड झालात तर विष्णू. गाढव होऊन निवांत पडून राहावं म्हटलं, तर तेवढ्यात एखादे संत कावड घेऊन येतात. मुलांना भूतदया शिकवायची वेळ आली की घरातली म्हातारी माणसं याच पोतडीत हात घालतात. मीही घालते. घरचा माल आहे, पैसे पडत नाहीत आणि दिवा मालवूनही सांगता येतो.

अडचण येते ती शेवटाशी.

नातू चौथीत आहे. त्याला धर्मराजाची गोष्ट सांगत होते, महाभारताच्या 17व्या पर्वातली. पांडव सगळं सोडून हिमालयाकडे निघालेत, मागं एक कुत्रं लागलंय. वाटेत द्रौपदी पडते, मग एकेक भाऊ. धर्मराज मागं वळूनही बघत नाही. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, बस, पण कुत्रं खाली राहील. (आमच्या इमारतीच्या लिफ्टचाही हाच नियम आहे.) धर्मराज म्हणतो, भरवशानं सोबत आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. इंद्र मुद्दा काढतो, भावांना टाकलंस, बायकोला टाकलंस, मग कुत्र्याचंच एवढं काय? त्यावर उत्तर येतं, ते मेल्यावर सोडले. मेलेल्यांसाठी मी काही करू शकत नव्हतो. हे जिवंत आहे.

इथं माझा आवाज दरवेळी बसतो. पोरगं मात्र ढिम्म. पण कुत्रं नाहीसं होऊन तिथं साक्षात यमधर्म उभा राहिला, तेव्हा ते पांघरूण फेकून उठून बसलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पार्किंगमधल्या काळ्या कुत्र्याला बिस्किट घातलं आणि दोन पावलं मागं सरून वाट बघत उभा राहिला. कुत्र्यानं बिस्किट खाल्लं, कान खाजवला आणि वॉचमनच्या खुर्चीखाली जाऊन ताणून दिली.

"आजी, काहीच झालं नाही," वर येऊन तक्रार.

त्याचंही बरोबर होतं. नामदेवांची भाकरी पळवणारं कुत्रं, ज्याच्यामागं ते तुपाची वाटी घेऊन धावले, ते विठ्ठल निघालं. शिबी राजानं ज्या कबुतरासाठी स्वतःचं मांस कापून तराजूत घातलं, ते अग्नी निघालं आणि मागं लागलेला ससाणा इंद्र. आमच्या लहानपणी शाळा तपासायला दिपोटी येत, त्या दिवशी फळा काळाभोर असे आणि मास्तर गोड बोलत. या गोष्टींतलं प्रत्येक जनावर मला हळूहळू दिपोटीसारखं दिसायला लागलं. साहेब निघाले तर निघाले, म्हणून दया!

तेव्हापासून मी देव प्रकट व्हायच्या आत गोष्ट आटपते. एकनाथांची गोष्ट त्या दृष्टीनं सोयीची. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला निघालीय, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसतं, नाथ ते पाणी त्याच्या तोंडात ओततात. काही सांगणारे तिथंही शंकर उभा करतात. माझं गाढव पाणी पितं, झटकून उठतं आणि आभार न मानता चालू लागतं. नाथांच्या सोबतची मंडळी कुरकुरतात, एवढं लांबून आणलेलं पाणी, असं कसं घातलं? नातवाला नाथांपेक्षा ही मंडळीच जास्त पटतात. नाथांनी दुसरीकडून पाणी का नाही आणलं, हा त्याचा सवाल, आणि तो वावगा नाही.

म्हणून पोळा मला बरा वाटतो. आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी करायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी जू नाही, चाबूक नाही, पुरणपोळी. बैल जेवतो आणि जेवूनही बैलच राहतो. आमच्याकडे तो मातीचा असतो, हा भाग वेगळा.

धाक घालूनही पाहिला. आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. चोर समजून राजानं त्यांना सुळावर चढवलं. त्यांनी यमधर्माला जाब विचारला, माझा गुन्हा काय? तो म्हणाला, लहानपणी किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवणाऱ्या आमच्या पिढीला घाम फुटावा अशीच ही गोष्ट. पण ऋषी खवळले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्यांनी यमाला शाप दिला (त्यातूनच विदुर जन्मला) आणि नियम करून टाकला की चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप लागणार नाही.

नातवानं बोटं मोजली. "म्हणजे माझी अजून पाच वर्षं आहेत."

मांडव्य तिथंच बंद केले.

मग सरमा सापडली. महाभारतातलं पौष्यपर्व हिच्याच गोष्टीनं सुरू होतं, पण कीर्तनात ती फारशी येत नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचं यज्ञसत्र चाललंय. एक कुत्र्याचं पिल्लू तिथं येतं. राजाचे तीन भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन, त्याला बडवतात. ते केकाटत आईकडे, म्हणजे सरमेकडे जातं. आई काय विचारते? कुणी मारलं, हे तर विचारतेच, पण लगेच म्हणते, तूच काहीतरी केलं असशील. पिल्लू सांगतं, काही नाही केलं, होमाच्या सामग्रीकडे बघितलं नाही की ती चाटली नाही.

नातू एकदम गप्प झाला. ही आई त्याच्या ओळखीची होती.

सरमा तडक सत्रात जाते आणि राजाला विचारते, माझ्या पोरानं काही केलं नव्हतं, त्याला का मारलं? सरमा देवांकडची कुत्री खरी, पण पिल्लू शेवटपर्यंत पिल्लूच राहतं. कुणी उत्तर देत नाही. ती शाप देते, ध्यानीमनी नसताना तुझ्यावर भय येईल, आणि निघून जाते.

"मग राजानं सॉरी म्हटलं?"

नाही म्हटलं. शाप उतरवून देणारा पुरोहित शोधायला तो बाहेर पडला. तसा त्याला मिळालाही, सोमश्रवा नावाचा.

"पण कुत्री तर तिथंच आली होती ना? तिलाच विचारायचं."

मी म्हटलं, राजांना पुरोहित सोपा पडतो. त्यानं बराच वेळ विचार केला, आणि मग त्या तीन भावांचं वय किती होतं, चौदाच्या आत की बाहेर, ते विचारलं.