हलतं का? वाजतं का? भिजवतं का?

सुट्टीतली सहल मुलांसाठीच असते, असं प्रत्येक पालक छातीवर हात ठेवून सांगतो. मग त्या सहलीचा प्लॅन एकदा मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. 'पहाटे चारला निघणे. साडेनऊ चारमिनार. सव्वादहा मक्का मशीद. अकरा सालारजंग. एक वाजता बिर्याणी. दोन वाजता गोवळकोंडा. साडेचार हुसेनसागर. सहा वाजता लाड बाजार, बांगड्या. रात्री परत.' यात लेकरू कुठं आहे? मागच्या सीटवर, उलटीची पिशवी हातात धरून.

हैदराबादचं नाव घेतलं म्हणून लगेच रागावू नका. धाराशिवकरानं 'शहर बघायला जाऊ' म्हटलं की पुण्याच्या मागोमाग हैदराबादच तोंडात येतं. साहजिक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपली राजधानी तीच होती, आणि जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव ज्या मीर उस्मान अली खानावरून पडलं होतं, त्याचंच ते शहर. नाव बदललं, राज्य बदललं; उमरग्यावरून जाणारा रस्ता काही बदलला नाही.

भांडण शहराशी नाहीच. भांडण आहे 'पॉइंट' या वस्तूशी. बापाला सहलीत पॉइंट लागतात. पॉइंट म्हणजे जिथं गाडीतून उतरायचं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा आणि परत गाडीत बसायचं, ती जागा. संध्याकाळी हिशेब होतो. 'किती झाले?' 'पाच.' 'दोन राहिले, चला उठा.' लेकराला वाटतं, सहल म्हणजे गाडीत चढायचा-उतरायचा सराव. एवढं करून दहा दिवसांनी शाळेत बाई निबंध सांगतात, 'मी पाहिलेले शहर', आणि पोरगं लिहितं की वाटेत एका ढाब्यावर कुत्रीची चार पिल्लं होती, त्यातलं एक काळं होतं. पुढची दीड पानं त्या काळ्या पिल्लावर. चारमिनारला अर्धी ओळ.

बापाचा एवढा ताबा का चालतो, याचं उत्तर एसटीच्या तिकिटात आहे. पाच ते बारा वर्षांच्या लेकराला अर्धं तिकीट. आईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना फुकट. पूर्ण पैसे मोजणारा गाडीत एकटाच, म्हणून पूर्ण मतही त्याचंच. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. मत मात्र हद्द ओलांडूनही तसंच राहतं.

मुलांची कसोटी साधी असते आणि ती तीन प्रश्नांची असते. हलतं का? वाजतं का? भिजवतं का? बांधकाम कुणाच्या काळातलं, शैली कोणती, खांब किती, हे चौथ्या प्रश्नापासून पुढं. तिथवर यायला लेकराला आधीच्या तिन्हींतलं किमान एक 'हो' लागतं.

या कसोटीवर हैदराबाद लावून बघा. चारमिनार १५९१ चा, देखणा, आणि साफ नापास. जागचा हलत नाही. त्याच्या शेजारच्या मक्का मशिदीच्या अंगणात कबुतरांचा थवा एकदम उठतो, तो पहिल्या वर्गात पास. सालारजंग संग्रहालयात दालनांमागून दालनं आहेत, संगमरवरातली बुरखा घेतलेली रिबेका आहे, हस्तिदंत आहे, तलवारी आहेत. लेकराच्या लक्षात काय राहतं? घड्याळ. दर तासाला त्यातून एक इवलासा दाढीवाला माणूस बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. ते बघायला मोठी माणसंही बाकांवर बसून वाट बघतात. आणि नेमकं बाराला पाच कमी असताना आपला बाप म्हणतो, 'चला, गोवळकोंडा राहिलाय.' बारा टोले वाजायचे होते हो!

गोवळकोंड्यात तर फुकटचं खेळणं आहे. खाली फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बाला हिसारला ऐकू येते. एक पोरगं खाली ठेवा, एक वर पाठवा, दोघांसोबत एकेक मोठा माणूस द्या. अर्धा दिवस गेला म्हणून समजा. पण गाईड दोनदा टाळी वाजवून दाखवतो, सगळे 'अरे वा' म्हणतात आणि गट पुढं सरकतो. पोरानं तिसरी टाळी वाजवायला हात उचलला की कुणीतरी दटावतं, 'पुरे आता.' त्याच्या सहलीतला तेवढाच भाग त्याचा होता.

आता हीच कसोटी घरी आणा. पाहुणे मुलांना घेऊन धाराशिवला येतात तेव्हा आपण त्यांना काय सांगतो? 'आमच्याकडं बघण्यासारखं काही नाही, देवीचं दर्शन घ्या आणि गुलाबजाम खाऊन जा.' गुलाबजामाबद्दल वाद नाही. बाकीचं वाक्य खोटं आहे.

तुळजापूरच घ्या. मोठ्यांच्या प्लॅनमध्ये ते 'दर्शन, पाऊण तास' असतं. गर्दीच्या दिवशी पाऊण तासात रांगेचं फक्त एक वळण होतं, ते सोडा. पण तीनही प्रश्नांना 'हो' म्हणणारं असं दुसरं ठिकाण सबंध मराठवाड्यात शोधून सापडायचं नाही, आणि हे आपल्या दाराशी आहे. आत उतरताना गोमुखातून पाणी पडतं, म्हणजे भिजवतं. संबळ कुठून ना कुठून कानावर येतोच, म्हणजे वाजतं. आणि हलतो तो चिंतामणी. देवळाच्या आवारात ठेवलेला हा गोल गुळगुळीत दगड. त्यावर दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं वळला तर होकार, डावीकडं वळला तर नकार, जागचा हललाच नाही तर काम लांबणीवर. मोहिमेवर निघण्याआधी शिवाजी महाराजही इथं कौल घेत, अशी श्रद्धा आहे. आता या दगडावर मोठी माणसं विचारतात बदली, लग्न आणि प्लॉटचा निकाल. लेकराला कुणी हात ठेवू देत नाही. त्याला आधी बसवा. ते काय विचारेल हे सांगता येत नाही. उन्हाळ्यात बहुतेक विचारेल की आता घरी जायचं का, आणि दगड उजवीकडं वळला तर पंचाईत तुमची.

तिथंच एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तुळजाभवानी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते. रीतसर पलंगावर, दिवसच्या दिवस. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की थकलेली देवी विसावा घेते आणि तोवर कुणी तिला 'चला, अजून दोन पॉइंट राहिले' म्हणत नाही. साक्षात महिषासुराला मारणारीला विश्रांती लागते, आणि तुमच्या प्लॅनमध्ये पाच वर्षांच्या पोराला दुपारची तासभर झोप नाही!

नळदुर्गला लेकराला न्यायचं तर पंचांग नाही, बोरी नदी बघून न्या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, किल्ल्यात या नदीला बांध घातला आणि बांधाच्याच पोटात महाल काढला. पाणी महाल. नदी भरली की बांधावरून दोन धबधबे कोसळतात, नर आणि मादी. पाणी डोक्यावरून जातंय, समोर पडतंय, आणि आपण मधल्या खोलीत कोरडे. खिडकीतून हात बाहेर काढला तर तुषार. हे बघून ज्या लेकराचे डोळे मोठे होत नाहीत, त्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या. पण आपल्याकडं सहल ठरते मे महिन्यात. मे महिन्यात नर आणि मादी दोघंही रजेवर असतात. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात काळ्या दगडावर उभं राहून बाप सांगतो, 'इथं पाणी असतं बरं का.' लेकरू आधी दगडाकडं बघतं, मग बापाकडं. तेवढ्यात त्याला उपळ्या बुरुजावर चढवतात. तिथल्या पायऱ्या मोठ्यांच्या गुडघ्यांनाही दाद देत नाहीत, पण बुरुजावर तोफ आहे, म्हणजे निदान वाजली असती अशी वस्तू आहे. पास, काठावर.

पाऊस चांगला झालेल्या वर्षी श्रावण-भाद्रपदात जा. दिवाळीत जायचं तर आधी पाण्याची चौकशी करा. आणि पाणी असेल तेव्हा लेकराचं मनगट धरा, मोबाईल नको.

नळदुर्गला गेलात तर खंडोबाची गंमत सोडू नका. अणदूरला त्याचं देऊळ आहे, नळदुर्गलाही आहे, मूर्ती मात्र एकच. सव्वादहा महिने अणदूरला मुक्काम, पावणेदोन महिने नळदुर्गला. हलायचं कधी, पोचायचं कधी, यासाठी दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देव सुट्टीवर जातो, परत येतो, आणि दोन्ही गावं कागदाला जागतात. लेकरांना हे एका दमात कळतं, कारण त्यांचंही आजोळ असतं.

सहलीचा खरा आदर्श म्हणाल तर येडशीला येऊन गेला. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरातून एक वाघ चालत-चालत रामलिंगच्या अभयारण्यात पोचला. कुणी साडेचारशे किलोमीटर सांगतं, कुणी पाचशे. वाटेत किती प्रेक्षणीय स्थळं आली असतील! एकाही ठिकाणी फोटोला थांबला नाही. ऊन चढलं की झोपला, भूक लागली की जेवला, पाणी दिसलं तिथं थांबला. त्याला पकडायला पथकं आली, बंदुका-पिंजरे घेऊन फिरली, हा काही हाती लागेना. आई-बापाच्या प्लॅनला यापेक्षा चोख उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. तुम्ही मात्र रामलिंगला माकडांवर समाधान माना. हलतात, वाजतात, आणि हातातला बिस्किटाचा पुडा घेऊन जातात.

तेरबद्दल मात्र सावध. मोठ्यांना तेरचा अभिमान फार, आणि तो खराच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात 'तगर' म्हणून याची नोंद झाली. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून रोमच्या बाजारात. इथं सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी असलेलं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. लामतुरे संग्रहालयात हे सगळं काचेआड आहे. पण काचेआडचं ना हलतं, ना वाजतं. तेव्हा पाट्या वाचून दाखवू नका. लेकराला एकच काम द्या: इथलं सगळ्यांत छोटं काय आहे ते शोध. मणी सापडतील, मातीच्या बारक्या बाहुल्या सापडतील, आणि तासभर हूं की चूं होणार नाही. मग गोरोबाकाकांच्या समाधीपाशी नेऊन थापटण्याची गोष्ट सांगा, संतांच्या डोक्यांवर थापटणं आपटून कोण कच्चं, कोण पक्कं ते पारखल्याची. ती लगेच एकमेकांच्या डोक्यावर करून बघता येते. पायाखाली तुडवलेल्या बाळाची गोष्ट सुट्टीत नको. रात्री झोपायला तुमच्याच कुशीत येतील.

परंड्याला तोफा आहेत, आणि त्यांहून भारी, एक नसलेली तोफ आहे. मुलूखमैदान. १५४९ मध्ये नगरला ओतली, परंड्यात येऊन बसली, १६३२ मध्ये विजापूरकरांनी उचलून नेली. पंचावन्न टनांची म्हणतात. 'कशी नेली असेल?' एवढं विचारा आणि गप्प बसा. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून बार्शीपर्यंत उत्तरं येत राहतील. हत्ती, बैल, ट्रॅक्टर, क्रेन. क्रेनला नाही म्हणू नका.

एक राहिलं. आपल्या किल्ल्यांवरच्या निळ्या पाट्या कायदा सांगतात, कलम सांगतात, दंड सांगतात. लेकराला 'आत्ताच्या आत्ता' झालं तर कुठं न्यायचं, हे सांगणारी पाटी नसते. गाडी थांबवाल त्या पेट्रोल पंपावर सगळ्यांना उतरवा, 'मला नाही' म्हणणाऱ्यालाही. त्यालाच पुढच्या दहा मिनिटांत होते.

आणि निघण्याआधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी. सालारजंग शुक्रवारी, हैदराबादचं प्राणिसंग्रहालय सोमवारी. खंडोबाचं मात्र आठवड्याच्या वारावर चालत नाही. नळदुर्गला निघण्याआधी अणदूरच्या कुणाला तरी फोन करून विचारा, देव घरी आहेत का.