आईच्या कामाचा पत्ता

पुण्याच्या शनिवार पेठेच्या नकाशावर कुठेही कंपासचं टोक टेकवा आणि एक किलोमीटरचं वर्तुळ काढा. आत रमणबाग शाळा येते, अहिल्यादेवी येते, नूमवि येते. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्य सरकारने असंच वर्तुळ शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) नियमांत घातलं. किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, की खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट. हा नियम टिकता तर पेठेत अशी एकही जागा उरली नसती.

तो टिकला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मेला स्थगिती दिली आणि १९ जुलैला दुरुस्तीच रद्द केली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हात घातला नाही. पालक लढले आणि जिंकले, हे ठळकपणे सांगायला हवं.

पण दुसरं वर्तुळ शाबूत आहे. आरटीईच्या सोडतीत शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलाला आधी जागा मिळते. उरल्या तर तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. अंतर मोजायचं ते घरापासून. आता पेठेत घर कोणाला परवडतं? पेठेतल्या पोळ्या लाटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बायका दांडेकर पुलाच्या वस्तीतून, जनता वसाहतीतून येतात. दिवसभर त्या पेठेच्या, आणि त्यांची मुलं मात्र हद्दीबाहेरची! एका बाकावर कोण कोणाशेजारी बसणार, हे अशा वेळी घरभाडं ठरवतं.

हद्द जशीच्या तशी ठेवणं हाही एक निर्णयच असतो. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइट आणि आसपासच्या उपनगरांतली मुलं एकत्र शिकवण्याची योजना ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळली. उपनगरांच्या हद्दी अबाधित राहिल्या आणि शहरातल्या शाळांत मुख्यतः कृष्णवर्णीय मुलंच उरली.

म्हणून मागणी साधी आहे: घराच्या पत्त्याइतकाच आई किंवा वडिलांच्या कामाचा पत्ताही अंतरासाठी धरा. मूल सकाळी आईबरोबर येईल, तिच्याबरोबर परत जाईल. शेजारची शाळा कोणती, हे राज्याचे नियम ठरवतात. त्यासाठी संसदेत जावं लागत नाही. पुरावा कुठला, असं विचाराल तर राज्यात २००८च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. तिथली नोंदणी आणि काम देणाऱ्या घराचं पत्र पुरेसं मानता येईल. खोटी पत्रं येतील, ही भीती खरी आहे. पण खोटे भाडेकरारही येतात. म्हणून आपण भाडेकरार मागायचं थांबवलेलं नाही, पडताळणी करतो.

आणि शाळांचे पैसे वेळेवर द्या. या २५ टक्के जागांवरच्या मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती सरकारने कबूल केली आहे आणि ती वर्षानुवर्षं थकते. सरकारच्या थकबाकीचा राग वर्गातल्या मुलावर निघता कामा नये.

प्राथमिक शिक्षण संचालनालय पुण्यातच आहे. पुढच्या प्रवेशाच्या अर्जात त्यांनी एक रकाना वाढवावा: पालकांच्या कामाचं ठिकाण.