पितळेची घासणी आणि दबक्या पावलांची गोळी

मॅडिसन, विस्कॉन्सिन

तीर्थरूप आबांस,

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, पोटातली दारू आणि तोंडाशी घट्ट बसलेली गोळी. बार उडाला की तिघे कामी येतात, पुंगळी तेवढी उरते. ती उचलून आणायची, घासायची आणि पुन्हा भरायची, याला इकडे हँडलोडिंग म्हणतात. हा उद्योग लोक घरच्या गॅरेजात करतात. सहा महिने राहून वणीला परतलेल्या आईने टिळक चौकापर्यंत जी बातमी पोचवली, की शेजारचा म्हातारा रोज संध्याकाळी घरी दारू मोजत बसतो, ती शब्दशः खरी आहे. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती, त्यामुळे वणीत ‘दारू’ या शब्दाचा एकच अर्थ पक्का झाला असल्यास दोष आईचा नाही.

त्याच्या गॅरेजातून रात्री येणारा खडखडाटही मिक्सरचा नव्हे. थरथरणाऱ्या एका पातेल्यात मक्याच्या रिकाम्या कणसांचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भरड भुगा घालतात, त्यात पुंगळ्या सोडतात आणि झाकण लावून दोन-तीन तास घोळू देतात. विस्कॉन्सिनात मका उदंड, तेव्हा भुग्याला तोटा नाही. पुंगळ्या बाहेर येतात त्या पोळ्याच्या सकाळी बैलांच्या गळ्यातल्या घंटा दिसाव्यात तशा. हे पाहून आईने सुनेला सुचवले होते, “काहून व, एवढं लखलख करते तं देवाची भांडीबी टाकून पाहा म्हणा त्यात.” सूचना नाकारावी लागली. प्रायमरमध्ये बहुधा शिशाचा क्षार असतो. त्याची काजळी भुग्यात उतरते आणि झाकण उघडताच धुळीबरोबर उडते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून हे पातेले स्वयंपाकघरात येत नाही, पुंगळ्या डिशवॉशरमध्ये जात नाहीत आणि म्हातारा जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुतो. धूळच नको असणारे लोक पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक काड्या घालून फिरते पिंप वापरतात. त्यात पुंगळी आतूनही निघते, पण नंतर वाळवण घालावे लागते.

पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकले की काळपटपणा झटकन जातो. भंडाऱ्याच्या पितळी गुंडांना चिंच लावणाऱ्या बायकांना हे रसायनशास्त्र शिकवायची गरज नाही. मात्र आंबट जास्त वेळ राहिले तर पितळेतले जस्त विरघळते आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. गुलाबी पुंगळी ही कच्ची पुंगळी, ती भंगारात जाते.

अमोनिया असलेले पॉलिश तर सक्त वर्ज्य, आणि या नियमाची मुळे हिंदुस्थानातच आहेत. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात, आणि काही महिन्यांत, कोणी हात न लावता, त्यांना भेगा पडत. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग असे नाव पडले. कारण 1921 पर्यंत नीट उलगडले नव्हते. काडतुसाच्या पितळेत तांबे 70 टक्के आणि जस्त 30. घडवताना धातूत ताण शिल्लक राहतो, त्यात घोड्याच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून शिरतो आणि ताणलेली जागा कणाकणाने उकलते. उपाय निघाला तो हलक्या आचेवर तापवून ताण घालवण्याचा. एका साम्राज्याची काडतुसे घोड्यांनी अशी निकामी करावीत, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत यायला हवे होते.

घासण्यामागचा खरा हेतू चमक नव्हे. मळक्या पुंगळीवरची भेग दिसत नाही आणि मळ साच्यावर ओरखडे पाडतो. स्वच्छ पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणतात, लांबलेले तोंड छाटतात आणि नवा प्रायमर बसवतात. म्हाताऱ्याच्या रायफलीचे काडतूस थ्री हंड्रेड ब्लॅकआउट जातीचे, 2011 साली प्रमाणित झालेले. त्याची पुंगळी सैनिकी रायफलीची लांब पुंगळी कापूनही करता येते. थोरल्याची फुलपँट धाकट्याची हाफपँट होते, तसलाच हिशेब.

आता दबक्या पावलांचे. गोळी आवाजाच्या पुढे धावली की हवेत चाबकासारखा कडाका उठतो. सायलेन्सर नळीच्या तोंडचा धमाका गिळतो, हा कडाका त्याच्या हाती लागत नाही. म्हणून गोळीच आवाजापेक्षा हळू सोडतात, तिला सबसॉनिक म्हणतात. पण आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. वणीच्या 45 अंशांच्या मे महिन्यात तो सेकंदाला साधारण 357 मीटर, इथल्या उणे 20 अंशांच्या जानेवारीत 319. सेकंदाला 330 मीटरने जाणारी तीच गोळी वणीत गुपचूप जाईल आणि इथे साऱ्या गल्लीला उठवील. थंडीत दारूही जरा मंदावते, पण त्यावर भिस्त ठेवणारा फसतो. म्हणून क्रोनोग्राफ नावाच्या यंत्रावर वेग मोजतात, तोही ज्या हवेत बार काढायचा त्याच हवेत.

वेग कमी करूनही जोर टिकवायचा तर वजन वाढवावे लागते. ब्लॅकआउटची सबसॉनिक गोळी 220 ग्रेनांच्या आसपास असते. ग्रेन म्हणजे मूळचा जवाचा दाणा. आबांना हे सराफाच्या भाषेत सांगणे सोपे: एक तोळा 180 ग्रेनांचा, म्हणजे गोळी सव्वा तोळ्याला जराशी कमी. 96 गुंजांचा तोळा धरला तर गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जड. म्हाताऱ्याचा काटा ग्रेनाचा दहावा भाग दाखवतो. वणीच्या सराफाकडे असा काटा असता तर आईच्या पाटल्यांचा जुना वाद केव्हाच मिटला असता.

जड गोळी लांब असते, आणि लांब गोळीला फिरकी जास्त लागते. नळीतला पीळ म्हणून सात-आठ इंचांत एक फेरा इतका जवळ ठेवतात. मोजकी, लवकर जळणारी दारू नऊ-दहा इंचांतच जळून संपते, तेव्हा नळी आखूड चालते. पण सोळा इंचांहून आखूड नळीच्या रायफलीला अमेरिकेत 1934 च्या कायद्याने नोंदणी लागते. तेव्हा ठरलेला 200 डॉलरांचा कर नव्वद वर्षे एका सेंटानेही वाढला नाही आणि 2026 च्या जानेवारीपासून शून्य झाला. अर्ज आणि बोटांचे ठसे मात्र आहेत तसेच.

धोका अर्धवट भरण्यात आहे. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि ते न कळता पुढचा बार काढला तर नळी फुटते. उलट, मोठ्या पुंगळीत थोडी दारू भरताना चुकून दोनदा पडली तरी वरून समजत नाही. त्यामुळे प्रमाणे छापील पुस्तकातूनच घ्यायची, प्रत्येक पुंगळीत विजेरीने डोकावायचे आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा. भरताना बोलायचेही नाही. हळदीचा डबा उघडा ठेवून फोनवर बोलणाऱ्या घरांत हा छंद चालायचा नाही.

बार काढून झाले की पुन्हा घासणी, या वेळी रायफलीची. कमी दाबात दारू पुरती जळत नाही, आणि सायलेन्सर काजळी उलटी आत ढकलतो. म्हणून हळू गोळीची बंदूक जास्त मळते. आधी ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करतात. मग मागच्या बाजूने सळई घालून तांब्याचा ब्रश, द्रावणात भिजवलेल्या चिंध्या आणि शेवटी तेलाचे बोट. चिंध्या जुन्या बनियनच्या उत्तम, हे दोन्ही देशांत सारखेच.



ता. क. आईने पोळ्याला बैलांच्या माळेत ओवायला मागितलेल्या चकचकीत पुंगळ्या आणता येणार नाहीत. भारतातल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळाच ठरतात, आणि रिकाम्या पुंगळीवरूनही विमानतळावर चौकशी लागते. भद्रावतीच्या कारखान्यातल्या ओळखीच्या माणसालाही विचारू नये. तिथे तोफांचा दारूगोळा भरतात, रायफलींचा खडकी आणि वरणगावला. आणि मागितल्या तरी तिन्ही कारखाने पुंगळ्या देणार नाहीत. माळेला घुंगरेच बरी.