परवान्यापुरते मावसभाऊ

इंग्लंडात घर भाड्याने देणाऱ्या मराठी माणसाचा हात केरसुणीकडे दोनदाच जातो: दिवाळीला, आणि काउन्सिलचा माणूस तपासणीला येणार असला की. आमच्या माहितीतल्या एका घरमालककाकांवर यंदा दुसरा प्रसंग ओढवला.

तिथल्या 2004च्या हाउसिंग ॲक्टनुसार निरनिराळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसं एकच स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वापरून राहत असतील, तर अशा ‘एचएमओ’साठी मालकाला परवाना काढावा लागतो. पूर्वी ही सक्ती तीन किंवा अधिक मजल्यांच्या घरांपुरती होती. ऑक्टोबर 2018पासून मजल्यांची अट गेली आणि काकांची झोपही.

काकांनी कायदा वाचला, पण पळवाटेपुरता. एका कुटुंबात चुलत, मामे, आते, मावस भावंडंही धरतात, हे त्यांच्या नजरेत भरलं. झालं! नागपूर, लातूर, कोल्हापूर, नाशिक आणि मडगावच्या पाच विद्यार्थ्यांना दिवाणखान्यात बसवून नातं लावण्यात आलं. एरवी लग्नाचा विषय निघाला असता तर काकांनी यांच्या पाच पोटजाती काढल्या असत्या. परवान्यासाठी मात्र सगळे मावसभाऊ! मग कळलं, की विनापरवाना घर चालवल्यास कोर्टाच्या दंडाला वरची मर्यादा नाही, शिवाय घेतलेलं भाडं भाडेकरूला परत करायचा हुकूमही निघू शकतो. भावकी जागच्या जागी तुटली आणि अर्ज भरला गेला.

मग मोजमापं. एकट्या प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर जागा हवी, आणि छत जिथे दीड मीटरपेक्षा खाली उतरतं ती जागा हिशेबात धरत नाहीत. माळ्यावरच्या खोलीत लातूरकर राहतो. त्याच्या खोलीचा जवळजवळ अर्धा भाग उतरत्या छताखाली आहे. तिथे तो वाकून चालतो, वाकून कपडे घालतो. कायद्याच्या लेखी ती जागा नाहीच. काकांच्या भाड्यात मात्र ती पुरेपूर आहे. ‘‘मोजायला आले की तू मधोमध ताठ उभा राहा,’’ काकांनी त्याला बजावलं.

स्वयंपाकघराला आग अर्धा तास अडवून धरणारं दार आहे. ते आपोआप मिटायला हवं, म्हणून वर यांत्रिक हात बसवलेला असतो. आमटीचं पातेलं घेऊन जाताना ते पाठीत बसतं, म्हणून दाराला तांदळाची वीस किलोची गोणी लावलेली. आग लागलीच, तर आगीला आत-बाहेर करायला अडचण नको!

खरी पंचाईत फोडणीची. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा अलार्म लावावा, धूर ओळखणारा नव्हे, असं जाणकार सांगतात. काकांना धूरवालाच स्वस्तात मिळाला. मोहरी तडतडली की तो बोंबलतो, मिरची पडली की गल्ली गोळा होते. कोल्हापूरकराने त्यावर न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी चढवली. त्या दिवसापासून घरात शांतता आणि रोज ठेचा.

तपासणीच्या दिवशी टोपी उतरली, गोणी जिन्याखाली गेली, गॅसचा वार्षिक दाखला आणि विजेचा पाच वर्षांतून एकदाचा अहवाल फायलीत लागला. मुलांना सकाळपासून पोह्यांऐवजी पाव-लोणी. अधिकारीणबाईंनी सगळं पाहिलं आणि विचारलं, ‘‘जिन्याखाली हे पोतं कसलं? बाहेर पडायच्या वाटेवर सामान नको.’’ मग पुढच्या दाराशी गेल्या. ते आतून किल्लीशिवाय उघडेना. किल्ली काकांच्या खिशात. चोराच्या भीतीने बसवलेल्या कुलपाने पाचही भाडेकरू आत कोंडले जातील, हे काकांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. भाडेकरू बाहेर का पडतील, हेच त्यांना उमगत नव्हतं.

कुलूप बदला, अलार्म बदला, जिना मोकळा ठेवा, अशी यादी मिळाली. कामं झाली, परवाना आला. त्याच संध्याकाळी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा निरोप: ‘‘घर आता सुरक्षित झाल्यामुळे भाडं वाढवावं लागत आहे. इतकी वर्षं घर असुरक्षित असूनही जादा पैसे घेतले नव्हते, याची कृपया नोंद घ्यावी.’’