मलबार हिलच्या कुंपणभिंतींस अनावृत पत्र

प्रति,
मलबार हिलवरील समस्त कुंपणभिंती, फाटके व त्यांवरील कॅमेरे,
मुंबई ४००००६.

विषय : ऐतिहासिक बंगल्यांचा हेरिटेज वॉक व सदर भिंतींचे त्यातील योगदान.

मलबार हिलचा हेरिटेज वॉक हँगिंग गार्डनपासून सुरू करणे सोयीचे, कारण तिथे नाव-गाव न विचारता आत सोडतात. बागेखाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा जलाशय आहे. म्हणजे टेकडीवरची सर्वांत उपयोगाची वास्तूही दिसत नाहीच. पण तिच्यावर निदान बसता येते.

भाऊसाहेब हिरे मार्गावर, म्हणजे जुन्या माउंट प्लेझंट रोडवर, महंमद अली जीनांचे ‘साउथ कोर्ट’ आहे. १९३६ सालचा हा बंगला वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांनी आखला. आत इटालियन संगमरवर आणि अक्रोडाचे लाकूड, असे पुस्तके सांगतात. सप्टेंबर १९४४मध्ये गांधीजी याच रस्त्यावरच्या बिर्ला हाउसमधून इथे वाटाघाटींना येत. ऑगस्ट १९४६मध्ये नेहरूही येऊन गेले. दोन्ही वेळा बोलणी फिसकटली. पुढे इथे असलेले ब्रिटिश उपउच्चायुक्तालय १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडल्यापासून वास्तू रिकामीच आहे. रिकाम्या खोल्यांची राखण मात्र भिंत इमानेइतबारे करते.

लिटल गिब्स रोडवर भिंतींचा खरा कस लागतो. तिथला जाटिया हाउस २०१५मध्ये ४२५ कोटींना विकला गेला. त्याआधी, २०१४मध्ये, होमी भाभांचा ‘मेहरांगीर’ ३७२ कोटींना लिलावात गेला. वडील जहांगीर आणि आई मेहेरबाई यांच्या नावांतून बंगल्याचे नाव घडले होते. तिथे संग्रहालय व्हावे, अशी मागणी अणुऊर्जा खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी केली. २०१६मध्ये बंगला पाडला गेला. आता तिथे दाखवायला किंमत तेवढी उरली आहे. बाकी फाटके, प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्चीखालची पाण्याची बाटली आणि भिंतीबाहेर आलेली बोगनवेल मनसोक्त पाहता येते. फोटो काढू लागले की शिटी ऐकू येते.

तीन बत्ती ओलांडून खाली उतरले की बाणगंगा. परंपरेने हे तळे शिलाहारकाळातले, ११२७चे मानतात. वाळकेश्वराचे मंदिर रामा कामतांनी १७१५मध्ये पुन्हा उभारले. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही झऱ्याचे पाणी गोडे. दगडी पायऱ्यांवर बदके, क्रिकेट आणि पिंडदान एकाच वेळी चालते. इथे भिंतीला काही कामच नाही.

टोकाला राजभवन, आताचे लोकभवन. परळच्या निवासस्थानी १८८२मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या आणि १८८५मध्ये गव्हर्नरांचा मुक्काम इथे हलला. परळची वास्तू पुढे हाफकिनच्या प्लेग प्रयोगशाळेला मिळाली. राजभवनाखालचे भुयार २०१६मध्ये सापडले. २०१९मध्ये तिथे संग्रहालय झाले. सत्तेचे घर नोंदणी करून पाहता येते. पैशाच्या घरांबाबत तशी सोय अद्याप नाही.

तरी सदर भिंतींपैकी निदान ‘साउथ कोर्ट’च्या भिंतीने वर्षातून एक दिवस फाटक उघडण्याचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही विनंती. चपला बाहेर काढल्या जातील.

कळावे,
समस्त पायी फिरणारे