लाटसाहेबांचे सुकाणू

गव्हर्नरच्या निवडणुकीपासून बंगल्यापर्यंत जे जे म्हणून त्या पदाशी निगडित असेल, त्याच्यामागे 'ग्युबर्नेटोरियल' असे भरभक्कम विशेषण लावण्याची अमेरिकन वृत्तपत्रांची वहिवाट आहे. आणि ते प्रथमच वाचणाऱ्या सज्जनास एखाद्या दुर्धर व्याधीचा भास झाल्यास त्याचा काडीमात्र दोष नाही. 'गव्हर्नर' हे नाम फ्रान्समार्गे आले आणि वाटेत 'ब'चा 'व' करून बसले. विशेषण मात्र पंडितांनी थेट लॅटिनमधून, मूळच्या 'ब'सकट मागविले. लॅटिनमधील 'गुबेर्नातोर' म्हणजे नावेचे सुकाणू धरणारा. आणि तो शब्दही रोमकरांनी ग्रीकांकडून उचललेला. तात्पर्य, राजभवनातील सारा सरंजाम व्युत्पत्तीच्या दप्तरी एका नावाड्याच्या नावे दाखल आहे.

आमच्या भंडाऱ्यास गव्हर्नर उशिराच लाभला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ पासून मध्य प्रांतावर चीफ कमिशनरांचा अंमल बसला, आणि १९२० साली पहिले गव्हर्नर झाले ते सर फ्रँक स्लाय. ज्याच्या नावातच स्पष्टवक्तेपणा आणि धूर्तपणा मांडीला मांडी लावून बसले आहेत, त्याच्या पात्रतेची आणखी चौकशी ती काय करावी? रयतेने मात्र 'लॉर्ड'चे 'लाट' करून, लॅटिनचा गंधही नसता, सुकाणूवाल्या साहेबास पुनश्च पाण्यात लोटले!

या पदाचा अस्सल वारस पाहावयाचा तर वैनगंगेवर यावे. डोंग्याच्या शेपटाशी उकिडवा बसलेला ढिवर, गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर, तोंडात अर्धी विझलेली विडी आणि काखेत दाबलेले वल्हे, एवढ्याच लवाजम्यानिशी आपला कारभार हाकीत असतो. राज्यघटनेच्या १६३व्या कलमान्वये राज्यपालाने, स्वविवेकाचे मोजके प्रसंग वगळता, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे असते. सल्ल्याची ददात ढिवरासही नाही. शाळामास्तर "डावीकडं घे ना गा!" म्हणून बजावतात, भाजीवाली उजवीकडे बोट दाखविते, आणि जन्मात वल्ह्यास हात न लावलेला मी खडकाविषयी सावध करतो. तो प्रत्येकास "हो जी" म्हणतो, विडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवितो आणि पाणी दाखवील तिकडेच डोंगा नेतो. पैलतीरी उतरताना आम्हा सर्वांचीच पक्की खात्री असते, की आपल्या सल्ल्यामुळेच आपण वाचलो.